रिकॉम्बिनंट ह्युमन जी६पीडी: एन्झाइम मेलंय का? रेषा एकदम सपाट येतेय

कांदिवली_प्रोजेक्ट

नमस्कार सगळ्यांना. मी एमएस्सी बायोकेमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज पश्चिम उपनगरात. प्रोजेक्टसाठी आम्ही रिकॉम्बिनंट ह्युमन जी६पीडी मागवलं, म्हणजे ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज, माणसाचा जीन घालून ई. कोलाय बॅक्टेरियात बनवलेलं, हिस-टॅग (शुद्ध करताना पकडायची छोटी शेपटी) लावलेलं. ५० मायक्रोग्रॅमची एवढीशी व्हायल, १०० मायक्रोलिटर ग्लिसरॉलवाल्या बफरमध्ये. डिपार्टमेंटने यासाठी तीस हजारांच्या वर खर्च केलाय आणि सर रोज विचारतात की झालं का काही, म्हणून खूप टेन्शनमध्ये लिहितेय.

पार्सल आलं तो दिवस नेमका धो धो पावसाचा होता, हायवेवर पाणी भरलेलं, कुरियरवाला म्हणाला आज नाही जमणार, आणि बॉक्स दुसऱ्या दिवशी दुपारी हातात आला. उघडला तर जेल पॅक पूर्ण वितळलेले, हाताला गार पण लागेनात. तशीच उणे ८० ला ठेवली व्हायल.

मग सोमवारी अॅसे केला, म्हणजे एन्झाइम किती वेगाने काम करतं ते मोजायची टेस्ट. ते एनएडीपीचा एनएडीपीएच करतं आणि एनएडीपीएच ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो, म्हणून तिथलं रीडिंग चढायला हवं. ट्रिस ५० मिलिमोलर पीएच ८, मॅग्नेशियम क्लोराइड, एनएडीपी ०.२ मिलिमोलर, ग्लुकोज-६-फॉस्फेट २ मिलिमोलर, एकूण १ मिली, त्यात १० मायक्रोलिटर एन्झाइम टाकून ३४० नॅनोमीटरला कायनेटिक मोड. आमच्या मशीनला पहिला एक मिनिट डिले सेट आहे, मग दर ३० सेकंदांनी रीडिंग, पाच मिनिटं. रेषा सपाट. डेल्टा ए (प्रकाश शोषणातला बदल, म्हणजे रेषेचा चढ, स्लोप) मिनिटाला ०.००१. परत केला, तेच. मंगळवारी पुन्हा थॉ करून (गोठलेलं वितळवून) केला, तेच. म्हणजे ३० मायक्रोलिटर गेले आणि हातात काही नाही. एन्झाइम मेलंय असं धरून चालू का? परत मागवायला पैसे नाहीयेत.

ठाणे_पूर्व

पहिलं काम, सप्लायरला आजच मेल टाक. बॉक्सचे, जेल पॅकचे फोटो काढलेस ना? नसतील तर डिलिव्हरीची वेळ असलेली पावती तरी जोड. आमच्या लॅबमध्ये मागच्या पावसाळ्यात असंच एक एन्झाइम आलं होतं, दुसऱ्या कुठल्यातरी कामाचं, दोन दिवस गोडाउनमध्ये पडून, त्यात काही उरलं नव्हतं. आम्ही महिनाभर पत्रव्यवहार केला तेव्हा बदलून मिळालं. जुलैमध्ये मुंबईत कोल्ड चेनवर भरवसा ठेवूच नये, प्रोटीन मागवायचं तर डिसेंबर-जानेवारीत मागवावं असं माझं स्पष्ट मत आहे. आणि शुक्रवारी तर अजिबात डिस्पॅच करू देऊ नये.

तुझं एन्झाइम गेलंय. सपाट रेषेचा दुसरा काय अर्थ होणार.

विरार_प्रोटीनवाला

थांबा थांबा, एवढ्यात फेकू नकोस. मी पीएचडीला तीन वर्षं हेच करतोय, ई. कोलायमध्ये ह्युमन एन्झाइम काढणं. ग्लिसरॉल असलेल्या बफरमधलं जी६पीडी एका रात्रीत पूर्ण शून्य होईल हे मला पटत नाही. कमी होईल, अर्धं होईल, पण शून्य?

दोनदा थॉ केलंस ते मात्र चुकलं. पहिल्यांदा उघडल्यावरच पाच पाच मायक्रोलिटरच्या छोट्या ट्यूब करून ठेवायच्या असतात. आता तरी उरलेल्याच्या कर.

आणि एक गोष्ट जी डेटाशीटवर बारीक अक्षरात असते किंवा नसतेच, ह्युमन जी६पीडीला एनएडीपी दोन जागी बसतो. एक नेहमीचा, जो रिअॅक्शनमध्ये एनएडीपीएच होऊन बाहेर पडतो. दुसरा तिथेच बसून राहतो, अॅक्टिव्ह साइटपासून लांब, दोन सबयुनिट जिथे एकमेकांना चिकटतात त्याच्या जवळ. याला स्ट्रक्चरल एनएडीपी म्हणतात, २००० साली क्रिस्टल स्ट्रक्चर आलं तेव्हा तो नीट दिसला. एक सबयुनिट साधारण ५९ किलोडाल्टनचं, ५१५ अमिनो अॅसिडचं, आणि ते एकटं काम करत नाही, दोघं किंवा चौघं मिळूनच करतात. हा बसलेला एनएडीपी निघून गेला की जोडी ढिली पडते. म्हणून माझ्या बफरमध्ये थोडा एनएडीपी कायम असतो. तुझ्या स्टोरेज बफरमध्ये आहे का बघ.

परळ_निवृत्त

अगं बाळा, मला एकच सांग. डेल्टा ए सोड, ती सपाट रेषा कितीवर सपाट होती? म्हणजे पहिलं रीडिंग काय होतं, आकडा दे. आणि झिरो कशावर केलं होतंस?

कांदिवली_प्रोजेक्ट

@परळ_निवृत्त मॅडम, झिरो एन्झाइम न टाकलेल्या मिक्सवर केलं होतं. रीडिंग आत्ता वहीत बघितलं, पहिल्या रनला १.२१, १.२१, १.२१ असंच शेवटपर्यंत. दुसऱ्याला १.२२. मला वाटलं ग्लिसरॉलमुळे किंवा प्रोटीनमुळे बॅकग्राउंड वर गेलाय म्हणून मी फक्त स्लोप लिहिला सरांना.

@विरार_प्रोटीनवाला दादा, स्टोरेज बफरमध्ये एनएडीपी लिहिलेला नाही, ट्रिस, सॉल्ट, ग्लिसरॉल आणि डीटीटी (प्रोटीनला ऑक्सिडेशनपासून जपणारं रसायन) एवढंच आहे.

परळ_निवृत्त

मग तुझं एन्झाइम मेलेलं नाही. उलट इतकं धावलं की तू झाकण लावून बघेपर्यंत काम संपवून बसलं होतं.

हिशोब कर माझ्याबरोबर. एनएडीपीएचचा ३४० ला एक्स्टिंक्शन कोएफिशंट ६.२२, म्हणजे १ मिलिमोलरला एवढा अॅबसॉर्बन्स (प्रकाशाचं शोषण). तू एनएडीपी टाकलास ०.२ मिलिमोलर. तो सगळाच्या सगळा एनएडीपीएच झाला तर अॅबसॉर्बन्स किती येईल? ०.२ गुणिले ६.२२, म्हणजे १.२४. तुझी रेषा १.२१ वर आहे. पाच मायक्रोग्रॅम प्रोटीनने ३४० ला एवढा बॅकग्राउंड येतच नाही, प्रोटीन २८० ला दिसतं, ३४० ला नाही.

आता वेळ बघ. शुद्ध ह्युमन जी६पीडीची स्पेसिफिक अॅक्टिव्हिटी मिलिग्रामला दीडशे युनिटच्या आसपास धर. तुझ्या १० मायक्रोलिटरमध्ये ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे पाऊण युनिट. एक युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल. क्युव्हेटमध्ये (मशीनमध्ये ठेवायच्या छोट्या नळीत) एनएडीपी होता ०.२ मायक्रोमोल. पाऊण युनिटला तो संपवायला लागतात सोळा सेकंद. शेवटी शेवटी एनएडीपी कमी झाला की वेग पडतो आणि तयार झालेला एनएडीपीएचसुद्धा एन्झाइमला अडवतो, तेव्हा थोडे जास्त धर. पण तुझं मशीन पहिला एक मिनिट बघतच नाही. सगळा खेळ त्या मिनिटात झाला.

१० मायक्रोलिटर हा आकडा कुठून घेतलास ते मी सांगू का? कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या वहीतून, जिथे रक्ताच्या हिमोलायसेटवर (लाल पेशी फोडून केलेल्या द्रावणावर) जी६पीडी करतात. मी परळला हिमॅटॉलॉजीच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं हा अॅसे केलाय, हिमोलायसेटला तेवढं लागतंच. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमागे दहाएक युनिट असतात फक्त. आणि तुझ्या व्हायलमधल्या शुद्ध एन्झाइमच्या एका ग्रॅममध्ये दीड लाख. तोच डोस इथे चालेल कसा?

१:१०० डायल्यूट कर, २० मायक्रोलिटर टाक, म्हणजे क्युव्हेटमध्ये ०.१ मायक्रोग्रॅम. डिले शून्य कर. मिनिटाला ०.०९ च्या आसपास स्लोप यायला हवा. काचेचीच क्युव्हेट वापर, ३४० ला चालते, क्वार्ट्झ बाहेर काढायची गरज नाही.

ठाणे_पूर्व

मॅडम, मी घाईत बोललो, माफ करा. मेल टाकण्याचं म्हणणं मात्र मागे घेत नाही, पार्सल उशिरा आलंय हे लेखी असू दे.

कांदिवली_प्रोजेक्ट

मॅडम!!! चढली रेषा!! आत्ता लॅबमधूनच लिहितेय. ०.०७१ मिनिटाला, तीनदा केलं, ०.०७१, ०.०७०, ०.०७२. बिनएन्झाइमचं सपाट शून्यावर. बिनग्लुकोज-६-फॉस्फेटचं पण सपाट. सरांना दाखवलं, ते स्वतः स्टूल ओढून बसले आणि एक रन त्यांनी केला.

हिशोब केला, ०.०७१ भागिले ६.२२ म्हणजे ०.०११४ मायक्रोमोल मिनिटाला, ०.१ मायक्रोग्रॅममागे, म्हणजे मिलिग्रामला ११४ युनिट. डेटाशीटवर लिहिलंय १,००,००० पिकोमोल प्रति मिनिट प्रति मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त. तो एवढे शून्य असलेला आकडा मला कळलाच नव्हता, आता कळलं की ते १०० युनिट प्रति मिलिग्रामच आहे, फक्त दुसऱ्या भाषेत. म्हणजे पावसात भिजून, दोनदा थॉ होऊनसुद्धा ते अजून कंपनीच्या लिमिटच्या वर आहे.

आणि जवळजवळ ७० मायक्रोलिटर शिल्लक आहे. ०.१ मायक्रोग्रॅमने साडेतीनशेच्या आसपास रन होतात. परवा मी ती व्हायल फेकणार होते.

पण एक नवीन प्रॉब्लेम. ही सकाळी अकराची रीडिंग. जेवून आले, अडीच वाजता त्याच डायल्यूट केलेल्या ट्यूबमधून केलं तर ०.०२०. ट्यूब बर्फात होती पूर्ण वेळ. हे काय आता?

विरार_प्रोटीनवाला

हेच मी म्हणत होतो. कशात डायल्यूट केलंस, साध्या ट्रिसमध्ये ना? मिलीला ५ मायक्रोग्रॅम इतकं पातळ प्रोटीन प्लास्टिकच्या ट्यूबच्या भिंतीला चिकटतं, आणि पातळ केल्यावर तो बसलेला एनएडीपी सुटून निघून जातो, जोडी तुटते. जाड स्टॉकमध्ये ते दिसत नाही, १:१०० केलं की दोन-तीन तासांत दिसतं.

डायल्यूशन बफर वेगळा बनव. तोच ट्रिस, त्यात एनएडीपी १० मायक्रोमोलर, बीएसए (गाईचं अल्ब्युमिन प्रोटीन) मिलीला १ मिलिग्राम, डीटीटी ताजा. रोज सकाळी नवीन. हा एनएडीपी तुझ्या अॅसेला बाधत नाही कारण २० मायक्रोलिटरमधून क्युव्हेटमध्ये जातो तो ०.२ मायक्रोमोलर, आणि तिथे आधीच २०० आहे.

तुझा प्रोजेक्ट इनहिबिटरचा, म्हणजे एन्झाइमला अडवणाऱ्या पदार्थांचा आहे का? असेल तर बीएसए किती जातोय ते लिहून ठेव, काही पदार्थ अल्ब्युमिनला चिकटतात.

कांदिवली_प्रोजेक्ट

हो दादा, इनहिबिटरचाच. डीएचईए, म्हणजे डिहायड्रोएपिअँड्रोस्टेरोन हे स्टेरॉइड हार्मोन, पॉझिटिव्ह कंट्रोल (नक्की अडवतं हे माहीत असलेला पदार्थ) आहे आणि त्याच्यासोबत दोन वनस्पतींचे अर्क. आधी सर म्हणाले होते यीस्टचं स्वस्त एन्झाइम घेऊ, नाहीतर ल्युकोनोस्टॉक या बॅक्टेरियाचं, ते तर युनिटच्या युनिट मिळतं. पण वाचताना कळलं की डीएचईए सस्तन प्राण्यांच्या जी६पीडीला धरतं, यीस्टच्याला नाही. म्हणून ह्युमन.

विरार_प्रोटीनवाला

बरोबर निर्णय आहे आणि सरांना तसं लिहूनच दे रिपोर्टमध्ये, कारण परीक्षक हाच प्रश्न विचारणार की एवढं महाग का घेतलं. ल्युकोनोस्टॉकचं एनएडी पण घेतं आणि एनएडीपी पण, ह्युमनचं काम एनएडीपीवरच. एका कामाची दोन वेगळी हत्यारं आहेत ती.

बीएसए चालेल मग, क्युव्हेटमध्ये पन्नास पट पातळ होतो. डीएचईए पाण्यात विरघळत नाही, डीएमएसओत (विरघळवायचं द्रव) कर, आणि प्रत्येक रनला डीएमएसओ सारखाच ठेव, कंट्रोललापण. क्युव्हेट उजेडात धरून बघ, गढूळ दिसलं तर ते इनहिबिशन नाही, डीएचईए खाली बसतंय. आणि अर्क रंगीत असतील तर ३४० ला स्वतःच अॅबसॉर्ब करतात, त्यांचं बिनएन्झाइमचं रीडिंग दरवेळी घ्यायचंच.

अजून एक, कोणी घरच्या घरी एक्सप्रेस करायचा विचार करत असेल तर, ई. कोलायचं स्वतःचं जी६पीडी असतं, झेडडब्ल्यूएफ जीनचं, आणि तेही एनएडीपीच घेतं. क्रूड लायसेटमध्ये (पेशी फोडून मिळालेल्या कच्च्या मिश्रणात) अॅक्टिव्हिटी दिसली म्हणून नाचू नका, ती बॅक्टेरियाची असू शकते. हिस-टॅगला पकडणाऱ्या निकल कॉलममधून नीट धुऊन काढल्यावरची मोजा, नाहीतर ज्याच्यात तो जीनच नाही असा स्ट्रेन वापरा.

परळ_निवृत्त

छान चाललंय. मला थोडं वेगळं लिहावंसं वाटतंय, विषय निघालाच आहे तर.

या एन्झाइमचं आणि मुंबईचं नातं जुनं आहे. १९५६ साली अमेरिकेत कळलं की प्रायमाक्वीन हे मलेरियाचं औषध घेतल्यावर काही लोकांच्या लाल पेशी का फुटतात, तर हे एन्झाइम कमी असतं म्हणून. आणि १९६३ मध्ये इथे, मुंबईच्या पारशी समाजात ही कमतरता असल्याचा पेपर आला, बक्षी, बाळकृष्णन, उंदेविया आणि संघवी यांचा. केईएमच्या आवारात इम्युनोहिमॅटॉलॉजीची संस्था आहे, तिथल्या लोकांनी पुढे यावर खूप काम केलंय.

१९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात नवीन प्रकार सापडला, त्याला नाव दिलं जी६पीडी कल्याण. आपलं कल्याण. पुढे १९९२ मध्ये केरळमध्ये सापडलेला प्रकार आणि हा, दोन्हींचा डीएनए वाचला तेव्हा कळलं की बदल एकच आहे, ३१७ व्या जागी ग्लुटामेटच्या ऐवजी लायसिन. म्हणून आता जगभरच्या यादीत केरळ-कल्याण असं जोडनाव आहे. मी रोज कल्याणहून परळला यायचे, रिपोर्टवर ते नाव लिहिताना मला दरवेळी काहीतरी वाटायचं.

तेव्हा आम्हाला एखाद्या प्रकाराचा केएम (एन्झाइमची पकड मोजायचा आकडा, जास्त म्हणजे पकड ढिली) काढायचा तर त्या माणसाचं रक्त लागायचं, ते पण भरपूर, आणि कमतरता असलेल्याच्या रक्तात एन्झाइम मुळातच थोडं. कॉलमवर दोन दिवस गेले की हातात थेंबभर. आता जीनमध्ये एक अक्षर बदललं की ई. कोलाय रात्रीत बनवून देतं आणि कोणाच्या शिरेत सुई घालावी लागत नाही. ओरिसा नावाचा प्रकार आपल्या आदिवासी समाजांमध्ये जास्त आहे, ४४ व्या जागी अॅलनिनचं ग्लायसिन, त्यात एनएडीपीचा केएम पाचपट वाढलेला. एवढ्याशा बदलाने पकड कशी सुटते ते आज एमएस्सीचं पोर क्युव्हेटमध्ये बघू शकतं. म्हणून त्या व्हायलची किंमत मला जास्त वाटत नाही, जपून वापरली तर.

नालासोपारा_आई

नमस्कार, मी सायन्सची नाही, गुगलवर जी६पीडी शोधताना इथे आले. माझ्या मुलाला जी६पीडी कमी आहे, पाच वर्षांचा आहे. मागच्या वर्षी ताप आला, लघवी चहासारखी झाली, डोळे पिवळे, अॅडमिट केलं. तेव्हा टेस्ट नॉर्मल आली आणि तीन महिन्यांनी परत केली तर कमी आली. कोणतं खरं धरायचं? आणि हे जे एन्झाइम विकत मिळतं म्हणताय ते त्याला देता येत नाही का? ताई रागावू नका, आईला सगळं विचारावंसं वाटतं.

परळ_निवृत्त

रागावेन कशाला, अगदी योग्य प्रश्न विचारलात.

नाही देता येत. त्या व्हायलवर लिहिलेलंच असतं की फक्त संशोधनासाठी, कारण ते बॅक्टेरियात बनवलेलं, माणसाला देण्यासाठी तपासलेलं नसतं. आणि दिलं तरी उपयोग नाही, पोटातून दिलं तर पचून जाईल, रक्तात दिलं तरी लाल पेशीच्या आत शिरणार नाही, आणि काम तर आतच आहे. लाल पेशीत ना केंद्रक असतं ना मायटोकाँड्रिया, त्यामुळे एनएडीपीएच मिळवायचा तिचा मार्ग हा एवढाच. तो कमी पडला की ऑक्सिडेशनचा मारा सहन होत नाही आणि पेशी फुटते.

टेस्टचं म्हणाल तर नंतरची खरी. त्रास झाला तेव्हा जुन्या, कमी एन्झाइमच्या पेशी फुटून गेल्या आणि शरीराने घाईघाईने नव्या बनवल्या, नव्या पेशीत एन्झाइम जास्त असतं, म्हणून तेव्हा नॉर्मल दिसलं. रक्त चढवलं असेल तर त्यानेपण असं होतं. म्हणूनच तीन महिने थांबून परत करायला सांगतात, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलं.

घरात काय बघायचं, तर कपड्यांच्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्या आधी काढून टाका, त्यातल्या नॅप्थालिनने अशा मुलांना त्रास होतो, आणि ठेवणीतली दुलई, स्वेटर धुऊन उन्हात वाळवूनच वापरा. पावसाळ्यात मलेरिया झाला तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण व्हायवॅक्स प्रकारच्या मलेरियासाठी जे प्रायमाक्वीन चौदा दिवस देतात त्यावर निर्णय त्यांनी हे कळल्यावरच घ्यायचा असतो. डॅप्सोन या औषधाचंही तसंच. एका कागदावर आजाराचं नाव लिहून त्याच्या दप्तरात ठेवा, शाळेत पण द्या. जीन एक्स क्रोमोझोमवर आहे, मुलाला तो तुमच्याकडून आलाय, तेव्हा तुमच्या भावांची, बहिणींच्या मुलांची पण एकदा टेस्ट करून घ्या. यात तुमची काही चूक नाही, हे मात्र नीट ऐका.

नालासोपारा_आई

ताई खूप आभार. गोळ्या आत्ताच काढल्या, दोन कपाटांत होत्या. माझ्या मोठ्या भावाला लहानपणी कावीळ झाली होती असं आई सांगायची, त्याला फोन करते.

कांदिवली_प्रोजेक्ट

मॅडम, हे वाचून मी लॅबमध्ये सगळ्यांना दाखवलं.

अपडेट देते. काल दादांनी सांगितला तसा डायल्यूशन बफर केला. सकाळी साडेदहाला ०.०७०, दुपारी चारला ०.०६६. उरलेल्या स्टॉकच्या पाच पाच मायक्रोलिटरच्या तेरा ट्यूब केल्या, तारीख टाकून उणे ८० ला, एक ट्यूब एका दिवसाची. सप्लायरलापण मेल टाकला, अॅक्टिव्हिटी व्यवस्थित आहे पण पार्सल असं आलं म्हणून.

डीएचईएचा पहिला रन आज लावला. १०० मायक्रोमोलरला क्युव्हेटमध्ये बारीक धुकं दिसलं, ते सोडून दिलं. ५० ला स्वच्छ आहे आणि स्लोप डीएमएसओ कंट्रोलपेक्षा स्पष्ट खाली आलाय. उद्या खालची कॉन्सन्ट्रेशन करते. आता वहीत स्लोपच्या आधी पहिलं रीडिंग लिहायचा वेगळा रकाना आखलाय.